हजेरीपट मागितलाय कुणी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका पस्तिशीच्या आहेत. जाहिरात एजन्सीतली नोकरी सोडून गेली काही वर्षं त्या घरून फ्रीलान्स कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा मजकूर (कॉपी) लिहायचं काम करतात. काम मिळतं, क्लायंट टिकतात. पण दिवसाला काही आकार नाही. सकाळी डोकं चालत नाही. दुपार जुन्या रहस्यकथा वाचण्यात, कपाटं आवरण्यात, फेरफटके मारण्यात जाते. रात्री दहानंतर मंद वाद्यसंगीत लावलं की हात चालू लागतो. पहाटे पाचला उठणाऱ्या यशस्वी कॉपीरायटरांचे व्हिडिओ पाहून त्यांनी कितीदा तरी दिनक्रम बदलला, आठवड्याच्या आत सगळं पूर्ववत. आई विचारते, "घरीच तर असतेस, मग दिवसभर करतेस काय?" त्यातच वॉटर प्युरिफायर बनवणाऱ्या एका क्लायंटनं कॉपी परत पाठवली. शेरा असा: "छान आहे, पण फार साहित्यिक वाटतंय. जरा ट्रेंडिंग बघत जा." पत्रलेखिकेला रील्स बघवत नाहीत आणि उद्गारचिन्हांचा तिटकारा आहे. त्यांचा प्रश्न: अंगात शिस्त नाही, आवडीनिवडी जुनाट, मग मी या कामाच्या लायकीची आहे का? की नोकरीत परत जाऊ?

प्रिय मैत्रिणी,

पत्र रात्री दोनला लिहिलंय, हे तुम्ही तळाशी मुद्दाम नोंदवलंय, तेही कबुलीजबाबाच्या थाटात. तिथूनच सुरुवात करू.

एवढ्या लांबलचक पत्रात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही: काम उशिरा गेल्याची तक्रार. एका क्लायंटकडून एक कॉपी परत आली, तीही "छान आहे" म्हणून. बाकीचे टिकून आहेत, दोघांनी तर कामं वाढवलीत. मग बिघडलंय नक्की काय?

मला वाटतं, हजेरी. एजन्सीत तुम्ही खुर्चीत बसलेल्या दिसायच्या. त्या वेळात तुम्ही कॉपी लिहीत असा, मीटिंगमध्ये जांभया दाबत असा किंवा कुणाच्या तरी मेलची वाट बघत असा, खात्यावर 'काम चालू आहे' एवढंच चढायचं. घरी बघणारं कुणी नाही. म्हणून तुम्ही कामाचा पुरावा दिनक्रमात शोधताय. पाचचा गजर, ठरलेला व्यायाम, आखीव वही, सगळं स्वतःलाच दाखवण्यासाठी. आईचा प्रश्न बोचतो तोही याचमुळे. तो तुम्ही स्वतःला आधीच विचारून ठेवलेला असतो. क्लायंटला मात्र तुमचा हजेरीपट नकोय. त्याला ठरल्या दिवशी कॉपी हवी आणि ती चालायला हवी. ती कुठल्या प्रहरी लिहिली हे तुम्ही होऊन सांगितल्याशिवाय त्याला कळणारही नाही.

आता त्या व्हिडिओंबद्दल. नावाजलेल्या माणसांच्या सवयी वाचायला मलाही आवडतं, पण त्यातलं काय उचलायचं हे ठरवताना बहुतेकांची गल्लत होते. जाहिरातीच्या धंद्यातले गाजलेले कॉपीरायटर डेव्हिड ओगिल्वी यांचंच उदाहरण घ्या. १९५५ साली कुणीतरी त्यांना कामाच्या सवयी विचारल्या आणि त्यांनी पत्रातून मोकळेपणानं उत्तर दिलं. ऑफिसात मी आजवर एकही जाहिरात लिहिलेली नाही, तिथे फार व्यत्यय येतात, सगळं घरी लिहितो, असं ते म्हणतात. पुढे लिहितात की कॉपीला बसायची वेळ आली की काही म्हणजे काही सुचत नाही, चिडचिड होते, बायको खोलीत आली तर तिच्यावर गुरगुरतो. काहीच जमेना तर अर्धी बाटली रम आणि ग्रामोफोनवर हँडेलचं संगीत, मग कॉपीचा लोंढा येतो. हे पत्र लोकांच्या लक्षात राहिलंय ते या रमसाठी.

पण त्याच पत्रात तीन रुक्ष गोष्टी आहेत. लिहिण्याआधी ते प्रतिस्पर्ध्यांच्या मागच्या वीस वर्षांच्या जाहिराती चाळत. प्रश्न काय आणि जाहिरातीनं साधायचं काय, हे कागदावर मांडून क्लायंटची मान्यता मिळेपर्यंत पुढे जात नसत. आणि रात्रीचा तो लोंढा सकाळी लवकर उठून छाटत. आपण कॉपीरायटर म्हणून अगदीच सुमार, संपादक म्हणून मात्र चांगले, असं त्यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. त्यांची जाहिरात उभी राहिली ती या तीन गोष्टींवर. रम आणि हँडेल हा त्यांचा खासगी मामला होता. तुमचं वाद्यसंगीत, रात्रीचे दहा, कपाट आवरणं हाही खासगी मामलाच. त्याची लाजही नको आणि फार कौतुकही नको.

दुरुस्ती करायचीच असेल तर रुक्ष बाजूची करा. प्युरिफायरच्या क्लायंटनं काय सांगितलं होतं, हे तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहिलंय: "प्रीमियम वाटेल असं काहीतरी." हा ब्रीफ, म्हणजे काय लिहायचं आणि कशासाठी याची क्लायंटनं दिलेली नेमकी कल्पना, नव्हे; ही मनःस्थिती झाली. त्यावर कुणीही काहीही लिहिलं असतं तरी ते परत आलं असतं. या ठिकाणी तुमची शिस्त खरोखर कमी पडली आणि तिचा पहाटेशी काडीचा संबंध नाही.

रात्री काम करण्याबद्दल थोडक्यात. काही माणसं सकाळची असतात, काही रात्रीची. हे ओळखण्यासाठी जेम्स हॉर्न आणि ओलोव्ह ऑस्टबर्ग यांनी १९७६ साली तयार केलेली प्रश्नावली संशोधक आजही वापरतात. हा कल थोडा आनुवंशिक असतो, थोडा वयाप्रमाणे सरकतो. त्याच्याशी आठवडाभर कुस्ती खेळून तो बदलत नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे. तेव्हा रात्री लिहा, खुशाल लिहा. फक्त झोप पुरी होतेय का, हे बघा. तीनला झोपून सकाळी नवाच्या कॉलसाठी उठत असाल तर 'सकाळी डोकं चालत नाही' हा तुमचा स्वभाव नसून अपुरी झोप आहे. फोनसाठी दुपारचे तीन-चार तास ठरवा आणि ते मेलच्या सहीखाली लिहून टाका. अमुक वेळेत मी भेटेन आणि मेलला एका दिवसात उत्तर देईन, एवढी हमी मिळाली की क्लायंट निर्धास्त होतात. उरलेल्या वीस तासांत तुम्ही कुठे असता, याची चौकशी कुणी करत नाही.

एका बाबतीत मात्र मी आडमुठी आहे: रात्री लिहिलेलं रात्री पाठवायचं नाही. दीड वाजता प्रत्येक ओळ देखणी वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी, शक्यतो दुसऱ्या खोलीत, मोठ्यानं वाचून बघा. जिथे जीभ अडखळते तिथे वाचणाराही अडखळणार.

दुपारच्या रहस्यकथा आणि कपाटं यांचं काय? तुम्ही सगळ्याला सरसकट 'आळस' म्हणून मोकळ्या झालात. मला ते दोन वेगळे प्रकार दिसतात. ब्रीफ वाचून झालाय, माहिती गोळा झालीय आणि मग तुम्ही चालायला गेलात, तर ते कामच आहे. परत येताना एखादी ओळ सुचलेली असते. पण ब्रीफची फाइल उघडायचीच भीती वाटतेय म्हणून कपाट उपसलंत, तर ती टाळाटाळ. फरक ओळखायची खूण साधी आहे: उठण्यापूर्वी या कामाबद्दल कागदावर दोन ओळी तरी उतरल्यात का? उतरल्या असतील तर निश्चिंत मनानं उठा.

टाळाटाळीवर यूजीन श्वार्ट्झ यांचा तोडगा मला पसंत आहे. हे गृहस्थ अमेरिकेत टपालानं पुस्तकं विकणाऱ्या जाहिराती लिहायचे. टायमरवर ३३ मिनिटं ३३ सेकंद लावायचे आणि तेवढा वेळ खुर्ची सोडायची नाही, दुसरं काही करायचं नाही, एवढाच नियम. लिहिलंच पाहिजे असं बंधन नाही. समोरच्या कागदांकडे नुसतं बघत बसलं तरी चालेल. थोड्या वेळानं इतका कंटाळा येतो की माणूस त्यापेक्षा लिहिलेलं बरं म्हणून लिहायला लागतो. टायमर वाजला की थोडी विश्रांती, मग पुन्हा तेच. 'आज हजार शब्द लिहीन' असल्या संकल्पापेक्षा हा नियम माणसाला जास्त ओळखून आहे. रात्री दहाला तुम्ही हेच करता, फक्त टायमरऐवजी डेडलाइन बसवते. एखाद्या दुपारी, कुठल्याही डेडलाइनशिवाय, एकदा करून बघा. नाही जमलं तर रात्र आहेच.

जाता जाता: एकाच रात्री दोन क्लायंटची कामं आलटून पालटून करता, असं तुम्ही लिहिलंय. ते थांबवता आलं तर थांबवा. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक हिस्सा पहिल्यातच रेंगाळतो आणि दुसरं काम खालावतं, असं सोफी लेरॉय यांनी २००९ सालच्या त्यांच्या अभ्यासात दाखवलंय. वळावंच लागलं तर पहिल्या फाइलमध्ये 'पुढे काय करायचंय' एवढं लिहून मगच वळा.

आता आवडीनिवडी. खरं दुखणं हेच आहे असं मला वाटतं, कारण इथे तुमचं अक्षरही बदललंय.

क्लायंटनं परत पाठवलेली ओळ तुम्ही कळवलीय: "पाण्याच्या मनातलं नितळपण." त्यांनी बदलून लावलेलीही कळवलीय: "१००% शुद्धता! आजच घरी आणा!!" तुमची अपेक्षा असेल की मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. नाही राहणार. त्यांच्याही बाजूनं नाही. तुमची ओळ कानाला गोड आहे, पण प्युरिफायर घ्यायला निघालेल्या माणसाला तिच्यातून काहीच कळत नाही. पाण्याला मन असतं की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या ओळीतूनही काही कळत नाही, फक्त ती ओरडून सांगते. वर '१००%' हा आकडा चाचणीच्या अहवालाशिवाय लिहिणं म्हणजे उद्याची तक्रार आजच लिहून ठेवणं.

तुम्ही जोडलेला माहितीपत्रकाचा फोटो मी नीट पाहिला. तिसऱ्या पानावर, तळाशी, बारीक टायपात लिहिलंय की फिल्टर बदलायची वेळ झाली की यंत्रावरचा दिवा लाल होतो. ज्याच्या घरी प्युरिफायर आहे त्याला विचारा. फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे कुणालाही धड आठवत नसतं आणि त्यामुळे आपण पितोय ते पाणी खरंच स्वच्छ आहे का, ही शंका मागे उरते. मग ओळ अशी होऊ शकते: "फिल्टर कधी बदलायचा, हे दिवा सांगेल. तुम्ही पाणी प्या." ही काही जगातली सर्वोत्तम ओळ नव्हे. पण तिच्यात उद्गारचिन्ह नाही, आरडाओरडा नाही, तुमच्या नावडीचं काहीच नाही. आणि तरी घेणाऱ्याच्या मनातली एक काळजी ती उचलते. गुळगुळीत वाक्यं आता यंत्रही चुटकीसरशी पाडून देतं. दिव्याची गोष्ट मात्र माहितीपत्रकाचं तिसरं पान उघडणाऱ्यालाच सापडते.

ओगिल्वींची सर्वांत गाजलेली हेडलाइन अशीच सापडलेली आहे. १९५८ची रोल्स-रॉइस गाडीची जाहिरात: ताशी साठ मैल वेगानं धावताना गाडीतला सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा. ही ओळ मुळात मोटारींना वाहिलेल्या एका नियतकालिकाच्या तंत्रविषयक संपादकानं लिहिलेली होती. ओगिल्वी तीन आठवडे गाडीबद्दल वाचत होते, त्या वाचनात ती त्यांच्या हाती लागली. शांतता, वैभव, दर्जा यातला एकही शब्द तिच्यात नाही.

म्हणजे तुमच्या आवडीनं तुम्हाला कॉपीत बुडवलेलं नाही. तुम्ही तिला चुकीच्या जागी बसवलंत. ओळ जन्माला घालायचं काम आवडीनं करू नये, ते माहितीनं आणि गिऱ्हाइकाच्या काळजीनं करावं. ओळींचा ढीग पडला की त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली फेकायची, हे ठरवायला आवड लागते. तिथे तुमची उद्गारचिन्हांची चीड सोन्याच्या मोलाची आहे. रहस्यकथाही वाया जात नाहीत. माहिती केव्हा द्यायची आणि केव्हा राखून ठेवायची, हे त्या वाचणाऱ्याला अंगवळणी पडलेलं असतं. सेल्स मेल लिहिताना दुसरं काय करतो आपण?

ते श्वार्ट्झ पुन्हा आठवले. पती-पत्नी दोघंही आधुनिक अमेरिकन कलेचे नावाजलेले संग्राहक. घरात अमूर्त चित्रं, आणि कॉपी सर्वसामान्य माणसाला आरोग्याची, स्वतःला सुधारायची पुस्तकं विकणारी. घरातल्या भिंतीवरचं चित्र आवडणारा माणूस आणि आपली कॉपी वाचणारा माणूस एकच असावा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. दोन्ही प्रेमं सुखानं नांदली.

राहिले रील्स. ते आवडून घ्यायची गरज नाही. पण तुमचा गिऱ्हाईक कुठल्या शब्दांत बोलतो, हे कानावर पडलं पाहिजे आणि त्यासाठी रील्सपेक्षा चांगली जागा आहे: ग्राहकांची परीक्षणं. पाच तारेवाली सोडा, दोन आणि तीन तारेवाली वाचा. पाच तारेवाले उमाळ्यानं लिहितात, एक तारेवाले रागानं. मधले लोक नक्की काय खटकलं ते सांगतात. क्लायंटच्या सेवा केंद्रात रोज कुठले फोन येतात, हेही विचारा. एका दुपारच्या या वाचनातून जे मिळेल ते महिनाभर ट्रेंडिंग बघून मिळायचं नाही. आणि 'ट्रेंडिंग बघत जा' म्हणणाऱ्या क्लायंटला नम्रपणे विचारा की त्यांना आवडलेली एक जाहिरात दाखवा. पुष्कळदा त्यांना ट्रेंड नको असतो, ओळ थोडी सोपी हवी असते, पण तसं म्हणायला शब्द सापडत नाहीत.

आवडत नाही म्हणून काम नाकारावं का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. जरूर नाकारा, पण स्वतःशी कारण स्वच्छ ठेवा. भडक रंगाची, मोठ्या आवाजाची जाहिरात ही आवडीची बाब आहे. दोन पैसे जास्त मिळत असतील तर तिच्याशी जुळवून घेता येतं. खोटा दावा ही आवडीची बाब नाही. तिथे 'माझ्या शैलीत बसत नाही' असं मोघम म्हणू नका. दाव्याचा पुरावा मागा. पुरावा आला तर लिहा, नाही आला तर सोडा.

नोकरीत परत जावं का? पगाराची ओढ असेल, एकटेपणा खात असेल, कॉपीवर वाद घालायला माणसं हवी असतील, तर जा. त्यात हार वगैरे काही नाही. या तिन्हींपैकी एकही कारण तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला नोकरी हवीय ती कुणीतरी हजेरी घ्यावी म्हणून, आणि तेवढ्यासाठी नोकरी महाग पडते. निर्णय तीन महिने लांबवा. तोवर प्रत्येक कामापुढे चारच गोष्टी लिहा: ब्रीफ केव्हा पक्का झाला, पहिला ड्राफ्ट केव्हा गेला, किती फेऱ्यांत मंजूर झाला, पैसे केव्हा आले. किती वाजता उठलात, हा रकाना घालू नका. माझा अंदाज असा की फेऱ्या जिथे वाढल्यात तिथे ब्रीफ कच्चा निघेल, आणि पैसे जिथे अडकलेत तिथे ॲडव्हान्स घेतलेला नसेल. तसंच निघालं तर उपाय नोकरी नव्हे. काम सुरू होण्याआधी एक पान लिहायचं: काय देणार, केव्हा देणार, ठरलेल्या रकमेत दुरुस्तीच्या किती फेऱ्या, त्यापुढे दर काय. उलट सगळ्या कामांत सगळंच लांबलेलं दिसलं, तर मी माझं म्हणणं मागे घेईन आणि आपण नोकरीबद्दल पुन्हा बोलू.

आईला मात्र या नोंदींची वही दाखवू नका. तिला सांगा, रात्री दहा ते एक माझं ऑफिस असतं आणि दुपारी मी ऑफिसबाहेर असते. एखाद्या दुपारी तिला ते माहितीपत्रक वाचायला द्या आणि यातलं तुला काय कळलं नाही, ते विचारा. प्युरिफायर वापरणारी, जाहिरातीच्या धंद्याशी संबंध नसलेली वाचक घरात असताना तिचा उपयोग करून न घेणं बरं नव्हे. एवढंच की तिनं काही सुचवलं तर वाद घालू नका, लिहून घ्या.

राहता राहिला तो क्लायंट. बदललेली कॉपी अजून छापायला गेलेली नाही, असं तुम्ही म्हणता. मग उद्या दुपारी, झोप झाल्यावर, त्यांना एवढा मेल टाका: "तुमची सूचना पटली, पहिली ओळ जड होती. नवी लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी हव्यात. यंत्र घेणारं गिऱ्हाईक घेण्याआधी सर्वांत जास्त काय विचारतं? सेवा केंद्रात कुठल्या तक्रारी येतात? '१००%'साठी चाचणीचा अहवाल आहे का? ही माहिती मिळाल्यापासून चार दिवसांत तीन पर्याय देते." दिव्याची ओळ त्या तिघांत असू द्या, पण पहिल्या क्रमांकावर ठेवू नका, आधी त्यांची उत्तरं येऊ द्यात, कदाचित त्यांतून तिच्याहून सरस काही निघेल.